उरलेला दाणा

मे महिना, दुपारचे अडीच.
कॉलेजमागच्या प्राणीगृहात एसी धापा टाकतो
आणि चार रांगांत चोवीस पांढरे उंदीर
आतून गोड होत बसलेत.

तो गोडवा आम्हीच दिला त्यांना.
पोटात एक सुई, तिसऱ्या दिवशी तीनशे, चारशे,
एकाला तर मीटरने नुसतं 'हाय' म्हटलं.
डोक्यावर पिवळा ठिपका, पाठीवर ठिपका,
शेपटीवर ठिपका:
एवढीच त्यांची नावं.

धातू मी वर्षभर शिजवला.
व्हॅनेडियम. चंचल.
पिवळा होतो, हिरवा होतो, निळा होतो,
हवा लागली की पुन्हा आपल्या वळणावर.
त्याला एका रेणूच्या कुशीत बसवलं,
की आम्लातून सावरून जाईल पोटाच्या पार
आणि इन्शुलिन जे दार ठोठावतं
ते हा मागच्या कडीने उघडेल.
असं प्रस्तावात लिहिलंय.
प्रस्तावात सगळी दारं उघडतात.

डोमाजी पराते बाटल्या भरतात.
एक बाटली उजेडात धरून म्हणाले,
"हा तं लुगड्याच्या काठाचा रंग, मॅडम.
बाप मोरपंखी म्हणे याले."
गोळीबार चौकाकडे त्यांचा माग होता.
आता मागाच्या खड्ड्यावर फरशी आहे,
फरशीवर फ्रिज,
फ्रिजच्या दारात कोथिंबिरीशेजारी इन्शुलिन.
इथे ते डब्याच्या पिशवीत, ओल्या फडक्यात.
जेवणाआधी भुशाच्या पोत्यांमागे जाऊन
सदरा वर करतात, चिमूट धरतात,
दहापर्यंत मोजतात.

एकदाच विचारलं होतं, "गोळी निघन का जी?"
"हे उंदरांचं आहे, काका."
"हो ना," म्हणाले, "माणसाचं कोणं म्हटलं."

दहाव्या दिवसापासून आकडे उतरले.
तीनशे दहा. दोनशे चाळीस. एकशे नव्वद.
सरांनी आलेखावरून बोट फिरवलं
झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावं तसं.
तिसऱ्या रांगेतला भुसा कोरडा,
म्हणजे लघवी कमी, म्हणजे साखर कमी,
म्हणजे माझा प्रबंध, म्हणजे
पाव किलो संत्रा बर्फी, सगळ्यांना.
डोमाजींनी आपली कागदात बांधून नातीला नेली.

दुसऱ्या सकाळी झाडू थांबवून ते म्हणाले,
"भुसा कोरडा हाये, बरोबर.
पण बाटलीबी भरेलच हाये.
अन् दाणा उरून राह्यला रोजचा.
कडू लागत असन."
मग खालच्या आवाजात,
"उपाशी माणसाची शुगरबी उतरतेच ना.
माग बंद पडला, त्या साली
माही नॉर्मल आली होती."

मी काटा काढला.
पिंजऱ्यापिंजऱ्यातला उरलेला दाणा मोजला.
निम्मा. कुठे निम्म्याहूनही जास्त.
मग सहा नवे आजारी उंदीर, औषधाविना,
आणि ते खातात तेवढंच यांना, मोजून,
एक दाणा जास्त नाही.
साधं पाणी पिऊन ते रात्रभर
रिकामी वाटी कुरतडत राहिले.
त्यांचीही साखर उतरली.
चांगली उतरली.

आता दोन रेषा शेजारी धावतात.
मधे फट आहे, बावीस मिलिग्रॅमची.
धातूची की योगायोगाची,
सहा उंदरांना विचारून कळत नाही.
सर म्हणाले, फट छापू.
मी म्हणाले, भूकही छापू.
ते बराच वेळ खिडकीतल्या कूलरकडे पाहत राहिले,
वाळ्याची जाळी एका बाजूने सुकली होती.

रोज साडेपाचला डोमाजी उरलेला दाणा
स्टीलच्या थाळीत घेऊन येतात.
वहीत नवा रकाना आखलाय, वर नाव सुचेना,
त्यांनीच लिहिलं: उरेल.
आज थाळी ठेवताना म्हणाले,
"शेपटीच्या ठिपक्यावाल्यानं खाल्लं जी.
बऱ्यापैकी खाल्लं."
आवाजात आनंद होता की काळजी
मला ओळखू आलं नाही.
मी मीटरमध्ये नवी पट्टी सरकवली.