एका वेळी एकच डबा

गॅरेजच्या मागच्या खोलीत शिरल्यावर
एन्सिओ आधी रेडिओ बंद करतो.
मग चष्मा पुसतो. मग म्हणतो,
"टेबलावर एका वेळी एकच डबा."
मला पाठ आहे.
तरी म्हणतो.

जुलै. कुहमोत सध्या रात्र म्हणून होत नाही.
खिडकीत अकरा वाजताचं ऊन, जाळीवर डासांचं मोहोळ.
फळीवर तीन डबे.
पहिल्यातली दारू खसखशीसारखी, गोल,
मापातून पाण्यासारखी ओघळते.
दुसरी म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचे बारीक कांडे,
मापाच्या धारेला अडते, कुरकुरते,
एखादा कांडा चिमटीने उचलून
तराजूत ठेवावा लागतो.
तिसऱ्याचं लेबल उंदरांनी खाल्लंय.
"त्याला हात लावू नकोस," एन्सिओ म्हणतो.
"नाव माहीत नसलेल्या माणसाला घरात घ्यावं,
दारूला बंदुकीत नाही."

प्यायची त्याने सोडली, त्याला अकरा वर्षं झाली.
ही फक्त मोजायची.

मी पहिलीकडे बोट करते.
वेग तिचा. आणि नेमही:
शंभर मीटरवर तीन भोकं, वर नाणं ठेवलं तर झाकली जातील.
कागद मीच जपून ठेवलाय.
"जुलैत," तो म्हणतो.
एवढंच.

मग पुंगळ्यांची तोंडं घासता घासता,
माझ्याकडे न बघता,
तलावाच्या पलीकडच्या काठावरची मूस सांगतो.
नोव्हेंबर, उणे चोवीस.
बंदूक पहाटेपासून बर्फात, काडतुसं बंदुकीत.
उन्हाळ्यात जुळवलेली दारू गारठली होती,
गोळी चार बोटं खाली गेली.
"चार बोटं," तो बोटं दाखवतो,
त्यातलं एक करवतीने अर्धं नेलेलं.
"नेल्ली म्हातारी झाली होती तेव्हा, तरी माग सोडेना.
दोन दिवस."
कोण दोन दिवस चाललं,
कुत्री, तो की ती मूस,
मी विचारलं नाही.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात
आयलीच्या फ्रीजरमध्ये, ब्लूबेरीच्या पिशव्यांखाली,
दहा काडतुसं झोपतात.
आयली दर उन्हाळ्यात भांडते.
पहाटे ती लोकरी मोज्यात गुंडाळून रेंजवर न्यायची,
दहा गारठलेली, दहा खिशातली कोमट,
आणि बघायचं, दोघींचं बोलणं जुळतं का.
खसखशीचं जुळेना.
कांड्यांचं जुळलं. वेग थोडा कमी,
पण उन्हातही तेवढाच, बर्फातही तेवढाच.
"लग्नाला अशीच बघावी," एन्सिओ म्हणाला.
आत फ्रीजरचं झाकण आपटलं.

झालं गेल्या जुलैत.
आवरताना मापात उरलेली कांड्यांची दारू
मी पटकन ओतली,
खसखशीच्या डब्यात.
ओतताना आवाज वेगळा आला.
कान आधी समजला, हात नंतर.
अर्धा किलो होती. नवी.
वाटलं, वरची वर चमच्याने काढता येईल,
वाटलं, कुणाला कळणार आहे.
आणि मग मी सांगितलं.

तो काही बोलला नाही.
डबा उचलून बाहेर गेला, माझ्यामागून ये असंही नाही.
करवंदाएवढ्या काळ्या फळांच्या त्या झुडपांत,
करंटांच्या, भिंतीपासून लांब,
मुठीमुठीने पसरत गेला,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तसा.
"खतच आहे अखेर," म्हणाला. "पावसाने मुरेल."
परत आल्यावर रिकामा डबा धुतला,
लेबल नखाने खरवडून काढलं, पूर्ण,
आणि त्यात खिळे भरले.

यंदा झुडपं वाकलीत.
आयलीने रस काढला, सात बाटल्या,
टेबलावर आणून ठेवल्या.
एन्सिओने सहा उचलून फळीवर नेल्या.
उरलेलीचं बूच काढलं,
आधी माझ्या पेल्यात ओतलं.