बाहीचं माप

चाळीस वर्षं मी लोकांचे दंड मोजले.
सेलूच्या मोंढ्यातल्या हमालांचे, नवरदेवांचे,
पोरगं फौजदार झालं म्हणून
जन्मात पहिल्यांदा सफारी शिवणाऱ्या
एका म्हाताऱ्याचा, काटकीएवढा.
टेप गुंडाळायची, आकडा बोलायचा,
वहीत लिहायचा, विसरायचा.

परवा सिस्टरनं माझ्याच दंडाला पट्टा बांधला,
फुगवला.
म्हटलं, ताई, बाही टाइट होतीय.
ती हसली नाही.
एकशे बासष्ट, म्हणाली, खाली शंभर.
एवढी छाती अन् एवढी कंबर असलेलं गिऱ्हाईक
माझ्या दुकानात कधी आलं नव्हतं.

डोकं दुखतं? नाही.
चक्कर? नाही.
काहीच होत नाही हो, मी म्हटलं.
तेच तर, ती म्हणाली.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. सिस्टर म्हणाली, चाला.
मी म्हटलं, पाय तर जन्मभर चालवलेत पायडलवर,
हिशेब केला तर चारदा काशीला जाऊन आलो असेन
स्टुलावरून न उठता.
(आता मोटार बसवलीय, ते नाही सांगितलं.)
मास्तर, मशीन पळत होती, ती म्हणाली, तुम्ही बसला होता.
असं चाला, की बोलता येईल
पण गाणं म्हणता येणार नाही.
अर्धा तास. आठवड्यात पाच दिवस तरी.

मला तसंही गाणं येत नाही.
मग कळायचं कसं?
म्हणून अन्वरभाईला सोबत घेतलं, गादीवाल्या.
त्यांचं गुणगुणणं थांबलं की समजायचं,
चाल बरोबर आहे.

पहाटे साडेपाचला निघतो.
चैतात सात वाजताच रस्त्याला इस्त्रीची धग येते.
जिनिंगच्या भिंतीकडेनं, रेल्वे गेटापर्यंत.
गेट बंद असलं तर आम्ही जागच्या जागी पाय हलवतो,
ट्रकवाला वरून बघतो,
ह्या दोघांना जोराची लागलीय की काय.
गेटापल्याड दुधनेचा कालवा,
काठानं काढून नेलेली करडई, मागं राहिलेले काटे.

पहिल्या आठवड्यात पुलापाशी
मी वाकून गुडघे धरले.
बनियन पाठीला कच्ची टीप मारल्यासारखं,
काळीज कानात वाजत होतं.
शेळ्या नेणारी एक बाई थांबली.
कामून पळता हो, कुणी मागं लागलंय का?
हां, लागलाय, अन्वरभाई म्हणाले. दिसत नाही.

तेव्हा मला वामन आठवला.
काजं-बटणं करायचा माझ्याकडं.
त्यालाही काहीच होत नव्हतं.
एका दुपारी सुईत दोरा ओवता ओवता
सुई पडली, मग हात पडला,
मग वामनची सगळी उजवी बाजू.
त्याचे सदरे अजून मीच शिवतो.
पुढून पूर्ण उघडे, बटणाच्या जागी चिकटपट्टी,
एका हातानं लावता यावी अशी.
उजवी बाही जरा सैल.

वहीच्या मागच्या पानावर आता माझं माप आहे.
एकशे अठ्ठावन्न.
एकशे साठ. त्या दिवशी भाचीचं लग्न, लोणचं, पापड.
एकशे पन्नास.
मग पंधरा दिवस कोरे,
लगीनसराई, दुकानातच रात्रीचे दोन.
पुन्हा एकशे छप्पन्न.
पुन्हा गेट, पुन्हा पूल, पुन्हा शेळ्या.
काल एकशे अडतीस, खाली अठ्ठ्याऐंशी.
गोळी आहेच. ती मनानं बंद करायची नाही,
हे सिस्टरनं दोनदा बजावलंय.

कित्ता फरक पड्या मास्तर, अन्वरभाई विचारतात.
दोन बोटं, मी म्हणतो.
दोन बोटं म्हणजे काय ते विचारा
ज्याचं गळ्याचं बटण लागत नव्हतं त्याला.

आज पुलावर त्यांनी मधेच गाणं धरलं,
जुनं, पूर्ण कडवं, एका दमात.
मी ऐकून घेतलं.
मग म्हटलं, भाई,
वेग वाढवा.