एक इंच आणि वर थोडं

नंदगडच्या पेठेत, पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान.
एक संगणक, एक प्रिंटर,
आणि गिरणी सुरू झाली की थरथरणारं टेबल.
फ्लेक्स खानापुरात छापतात. दुपारच्या बसनं येतो,
गुंडाळी करून, ड्रायव्हरच्या सीटमागं उभा.

द्रौपदाबाईंनी मोबाईल पुढं केला.
"ह्यो एकच हाय. दहा बाय आठचा कर.
स्टँडसमोर लावायचा, तेराव्याला."

मोबाईलवर सातेरी लख्ख हसत होता,
कुणाच्या तरी लग्नात, डोक्याला फेटा,
या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरून फिरून
बारीक होत गेलेला.
मी चार घरी फोन केले. मूळ फोटो कुणाकडंच नव्हता.

आडवे तीनशेवीस ठिपके. बास.
मोबाईलला तेवढे पुरतात, त्याची काच आतून उजळते.
कागदाला आतून काही नाही.
तो इंचाला तीनशे मागतो,
आणि कमी पडले तर चारचौघांत बोलून दाखवतो.

म्हटलं, "बाई, एका भाकरीचं पीठ आहे,
आणि तुम्ही म्हणताय परातभर थाप."
"मग वाईच पीठ घाल की वरनं."

संगणकही तेच म्हणतो.
त्याच्या खिडकीत एक बारकी चौकट आहे, तिथं खूण केली
की तो दोन ठिपक्यांच्या मध्ये
तिसरा आपल्या मनानं बसवतो, शेजाऱ्यांना विचारून,
गावात बातमी पसरते तसा.
सातेरी मोठा झाला. गाल गुळगुळीत झाले.
चिनी मातीचा कप फुटून भुवईत रुतला होता,
ती खोक कुठल्या कुठं गेली.

बाईंनी बराच वेळ बघितलं.
"कोण म्हणायचा ह्यो?"

मी खूण काढली. आकडा बहात्तरचा तीनशे केला.
ठिपका एकही हलला नाही, फक्त इंच आवळले:
साडेचारचे झाले एक, आणि वर थोडं.
तेवढाच छापला, चकचकीत कागदावर.
खोक होती.
बाईंनी तो चंचीत ठेवला, सुपारीच्या कप्प्यात,
आणि म्हणाल्या, "खरं, स्टँडवरचा बी पायजे."

मग पाठवला खानापूरला, आहे तसा, ताणून.
वर कानडीत नाव, खाली मराठीत.
अक्षरांचं बरं असतं. ती ठिपक्यांची नसतात, वळणांची असतात,
हत्तीएवढी करा, काठ तुटत नाही.
कानडी र ला मला अजून वेळ लागतो,
गिरणीतला बसय्या येऊन तपासून जातो.

तेराव्याला सकाळी फ्लेक्स बांधला दोन खांबांच्या मधे.
मी शिडीवरच होतो. नाकासमोर
ज्वारीच्या दाण्याएवढे चौकोन,
तपकिरी, गेरवे, एक जांभळट.
तिथं कुणी नव्हतं.
पोटात कालवलं. पैसे परत द्यावेत असं ठरवत उतरलो
आणि उलट्या पावलांनी चालत गेलो,
बेकरी गेली, टमटमची रांग गेली, पंक्चरवाला गेला,
दर पावलाला चौकोन एकमेकांना सामील होत होते.
उसाच्या गाड्यापाशी पाठ टेकली
आणि वर सातेरी.
भुवईत जरासं फिकं.

द्रौपदाबाई तिथंच होत्या, गाड्याच्या बाकड्यावर,
माझ्याही आधीपासून.
मी काही बोलायच्या आत म्हणाल्या,
"लाइन दुरुस्तीला चढायचा न्हवं का ह्याच खांबावर.
खाली उतरायचा न्हाई लौकर.
मी हिथनंच डबा वर धरून दाखवायचो."