सावल्या : मध्यम

कार्ड जुनंच. संभाजीनगरहून आणलेलं, चार हजारात,
एका पंख्याचं पातं तुटलेलं.
विकणारा म्हणाला, चालतंय की ताई,
दोघांचं काम एकटा करतोय.
हे वाक्य मी आमच्या ऑफिसातही ऐकलंय.

दिवसा मी बियाणं कंपनीच्या लॅबमध्ये
ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडते,
शंभरातले किती उगवले ते मोजते.
रात्री नऊनंतर, सेकंदाला किती चित्रं उगवतात ते.
एकतीस.
एकतीसमध्ये माणूस कोपऱ्यावरून वळत नाही,
एकदम वळलेलाच असतो.
गोळी कुठून आली कळायच्या आत मी आडवी,
आणि तस्लीम हैदराबादहून कानात ओरडते,
कामून थांबलीस गं?
मी नव्हते थांबले. चित्र थांबलं होतं.

मग एका रविवारी बसलेच सेटिंग उघडून.
आधी गवत. अल्ट्रावरून लो.
सगळं रान एका क्लिकमध्ये
एप्रिलातल्या मंठा रोडसारखं झालं
आणि चार फ्रेम हाताला लागल्या.
पाण्यातली प्रतिबिंबं बंद, सहा.
ढग, धूर, लांबच्या डोंगरावरचं धुकं,
भिंतींवरचे पोपडे, जे मला आवडायचे.
रिझोल्यूशन एक पायरी खाली घेतलं
तर माणसांचे चेहरे कणकेचे झाले.
झाले तर झाले.
मारायच्या माणसाचं नाक इतकं रेखीव लागतं कशाला.

तरी दुपारी कार्ड सत्त्याऐंशी डिग्रीला मान टाकायचं.
बाहेर त्रेचाळीस.
कॅबिनेट उचलून पंक्चरवाल्या गजूभाऊकडे नेलं,
म्हटलं, हळू मारा हवा.
काळा भुगा उडाला, चमचमता.
भट्ट्यांचा असणार, म्हणून फ्रिजवरचा चुंबक फिरवला वरून.
चिकटला.
म्हणजे इतके महिने माझं कार्ड
जालन्याचं लोखंड खात होतं.

शेवटी सावल्या राहिल्या.
अकरा फ्रेम! इतक्या महाग?
आमच्या लॅबमागं बाभळीच्या चतकोर सावलीत
सहा गाड्या लावतात एकमेकींना घासून,
आणि इथं मी अख्ख्या शहराची सावली
एका बटणानं उचलून ठेवली.
साठ. सलग साठ.
साठावरच कुलूप लावलं, उगाच धापा नकोत.
सगळे सैनिक कागदावर ठेवलेल्या सोंगट्यांसारखे,
पाय जमिनीला टेकलेत की नाहीत कळेना,
पण काय पळत होते!

त्या रात्री शेवटचे तीन उरलो.
तस्लीम गोदामाच्या छतावर आधीच मेली होती.
मेलेल्याला साथीदाराच्या डोळ्यांनी बघता येतं,
पण बघायचं असतं आपापल्या मशीनवर.
तिचं मशीन नवं, सगळं अल्ट्रा.
मागं! मागं बघ! दारातून सावली पडलीय,
तुझ्या पायाशी आलीय गं, दिसत नाही का?
नव्हती दिसत.
माझ्याच डोळ्यांतून तिला दिसत होती,
मला फक्त स्वच्छ, राखाडी, वेगवान फरशी.

ती हसली नाही, ओरडली नाही.
म्हणाली, काय काय बंद केलंस तू?
मी यादी सांगत गेले. लांबली.
पोपड्यांपाशी आल्यावर ती म्हणाली, ते पण?

सावल्या मध्यमवर आणल्या.
एकोणपन्नास.
स्फोटाच्या ठिणग्या विकल्या, चोपन्न झाले.
साडेअकराला भट्टीचा लोड बसला,
ट्यूब मिचमिचली, स्टॅबिलायझर टकटकला,
मी श्वास धरून बसले, मशीन तगलं.
आता कोपऱ्यावरून माणूस येतो
तेव्हा आधी त्याची सावली वळते, कडांना जराशी फाटलेली,
आणि मला बंदूक उचलायला तेवढं पुरतं.
कधी पुरतं, कधी नाही.

उद्या सकाळी गुंडाळ्या उलगडायच्यात.
सत्तरच्या खाली सोयाबीनचा लॉट नापास.
मी चोपन्नवर खेळते.