अंशतः खरे

मिल बंद पडली तेव्हा मी टाइमकीपर होतो.
आता अशोक चौकात, पहिल्या मजल्यावर,
आमदार नागमणी येलदींच्या ऑफिसात
भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर लिहितो.
नाव, गल्ली, काम.
वेळही लिहितो, कुणी सांगितलेली नसताना.
लाल शाईची सवय सुटत नाही.

वय एकोणतीस. निकालाच्या रात्री
गुलाल कानातून निघेना, तेव्हा आईनं
खोबरेल लावून पदराच्या टोकानं काढला
आणि पहाटे सूप मांडीवर घेतलं.
हजार विड्या द्यायच्या होत्या, शनिवार होता.

सुरुवातीला मॅडम सगळंच टिपून घ्यायच्या.
घरकुलातली गटार, रेशनकार्डावर चुकलेलं वय.
एका म्हाताऱ्याला नुसतं बसायचं होतं,
तेही लिहायला लावलं. काम : पंखा.

पहिल्या अधिवेशनाला बॅगेत
कडक भाकरी, शेंगाचटणी
आणि एक तारांकित प्रश्न :
सोलापूर शहरात पाच दिवसांआड, तेही रात्री उशिरा
पाणीपुरवठा होतो, हे खरे आहे काय?
असल्यास, कोणती कार्यवाही केली?
नसल्यास, विलंबाची कारणे काय?

आम्ही इथं टीव्हीसमोर, चहा गार करत.
त्यांचा नंबर आला आणि कुणीतरी कागद भिरकावले.
कामकाज दहा मिनिटांसाठी, मग दिवसभरासाठी.
उत्तर छापील आलं, तीन ओळींत :
हे अंशतः खरे आहे.
तपासणी सुरू आहे.
प्रश्न उद्भवत नाही.

तो कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला.
रागानं सरकवला होता.
दिवाळीपर्यंत पाठ झाला,
गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत तोंडात बसला.
सायझिंगचा कामगार फंडासाठी आला :
"तपासून घेते."
टॉवेलवाले विजेच्या दरासाठी आले :
"शासन सकारात्मक आहे."
मी ऐकत होतो. लिहिलं नाही,
त्याला रजिस्टरात रकाना नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
रांगेत एक्केचाळिसावी बाई.
नखं तंबाखूनं पिवळी, बोटाला दोरा तसाच.
"नाव?" नियम म्हणजे नियम.
"येलदी राजव्वा."
"काम?"
"पाणी. सहावा दिवस."
"घरीच सांगायचं की, मावशी."
"घरी कुठं असतेत आमदार."

आत गेली. मॅडमची मान खाली, सह्या चालू.
"हे बघा, तुमचं म्हणणं अंशतः..."
आणि वर बघितलं.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही,
पंखा फार आवाज करतो.
एवढं ऐकलं :
"कारखान्यात पण आमची विडी छाटतेत, बाई.
शंभरात दहा. म्हणजे ती अंशतः विडी, न्हाई का?
पैसे मात्र पुरे कापतेत."

त्या रात्री दोन चाळीसला
गल्लीत हाक फुटली, "नीळ्ळू वच्चिनय्!"
चावीवाला मलय्या सांगतो,
मॅडम गाऊनवर टॉवेल टाकून घागरी सरकवत होत्या.
त्यानं संधी साधली :
"माझी कायमची ऑर्डर, मॅडम? अकरा वर्षं झाली."
त्यांनी तोंड उघडलं, आणि तसंच ठेवलं.
घागर भरून वाहिली, पायऱ्यांवरून, नालीत.
आईनं शिवी दिली. पाण्याला की कुणाला, कळलं नाही.

सकाळी ऑफिसात सव्वादहा.
मी लाल शाईनं लिहिलं : पंधरा मिनिटं उशीर.
त्यांनी वाचलं. खाली सही केली,
आणि पहिलं नाव स्वतःच्या अक्षरात घातलं.
मलय्या. काम : ऑर्डर.

कागद अजून काचेखालीच आहे.
पाण्याचा आज चौथा दिवस.