शंभर मोजताना

रात्रपाळी. सोहारच्या या लॅबला उघडणारी खिडकी नाही,
समुद्राचं दमट काचेवरच घामेजून थांबतं.
मशीनने आकडा दिला, शेजारी तारा मारला:
पांढऱ्या पेशी चौऱ्याऐंशी हजार.
पुन्हा लावला. त्र्याऐंशी हजार सहाशे.

नळीवर नाव हनीफ चौगुले, वय बावन्न,
बंदरात क्रेनवर.
सुई टोचताना गाव विचारलं होतं. म्हणाला, दाभोळ.
"तुमचं?"
"गुहागर."
"म्हणजे फेरीबोटीच्या पलीकडचे."
तेवढंच. मग दोघंही नळी भरताना बघत राहिलो.

वॉर्डवाले म्हणतात, कुठेतरी जंतू असणार.
सहा दिवस अँटिबायोटिक चाललंय,
कल्चरच्या बाटलीत काहीही उगवत नाही.
ताप नाही. जखम नाही.

काचपट्टी रंगवून भिंगाखाली घेतली.
शंभर मोजायच्या. बोटाखाली बटणं टकटक:
पिकलेली, पिकलेली, पिकलेली,
मग कोवळ्याच कोवळ्या,
केंद्रकाला अजून खाच पडली नाही अशा,
मज्जेतून झोपेत उठवून धाडलेल्या.

अशी पोरं मी मस्कतच्या विमानतळावर पाहिलीत.
पासपोर्टवर बावीस, ओठांवर नुसती लव,
एजंटाने सांगितलेलं काम कुठेच नाही,
तरी फाईल छातीशी धरून रांगेत उभी.

आतला एजंट दुपारी सापडला, सीटीत:
उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला,
कागदी लिंबाएवढा.
बसल्या जागेवरून निरोप धाडत होता,
माणसं पाठवा, अजून पाठवा.
आणि हाडं पाठवत होती. हाडांना काय ठाऊक,
निरोप जखमेचा की गाठीचा.

अहवालात लिहिलं, ब्लास्ट शून्य,
रक्ताचा कर्करोग दिसत नाही.
त्या शून्याने क्षणभर बरं वाटलं मला,
मग बेसिनपाशी जाऊन
विनाकारण हात धुतले.

पहाटे पुन्हा नमुना.
"पांढऱ्या वाढल्यात म्हणे. वाढलेलं चांगलंच ना?"
मी कापूस दाबून धरला.
"डॉक्टर बोलतील राउंडला."
त्याने बाही खाली ओढली, बटण लागेना,
मी लावून दिलं.
"घरून सुका जवळा येतो का तुम्हाला?"
"येतो."
"मग पुढच्या वेळी आणा थोडा. इथला नुसता खारट."

हो म्हटलं.
नळीवर वेळ लिहिली, सहा दहा,
आणि ती उलटी-सुलटी करत राहिले,
आठदा करायची असते,
मोजणं चुकलं.