तारखेचा शिक्का

पोस्ट ऑफिस म्हणजे माझ्या घराची पुढची खोली.
एक खिडकी, एक तराजू, एकसष्ट पेट्या
आणि तारखेचा शिक्का. त्यातला सहाचा आकडा
थंडीत अडकतो, अंगठ्यानं ढकलावा लागतो.

ऑक्टोबर सरताना कुस्कोक्विम गोठू लागते,
पण धड गोठत नाही.
होडी जात नाही, स्नोमशीन बुडतं.
त्या तीन आठवड्यांत आमचं जे काही यायचं
ते आभाळातून.
यंदा आभाळातून धुकं आलं.

मतपत्रिका बेथेलपर्यंत पोचल्यात, एवढं कळलं होतं.
रोज सकाळी फोन. "ट्रेंट, आज?"
"धावपट्टी दिसली तर."
मी धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहायचे.
मला माझे बूट दिसत नव्हते.
सोमवार. मग मंगळवार, तोच तो मंगळवार.
रेडिओवर कुठल्या कुठल्या गावांत लोक रांगेत होते,
रांगेत कुणी कॉफी वाटत होतं.
आमची रांग म्हणजे एक पिशवी,
साठ मैलांवर, गोदामात,
कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांना टेकून उभी.

शुक्रवारी धुकं उठलं,
पाहुण्यानं हात झटकून उठावं तसं.
ट्रेंट उतरला. दोन टायर, डायपरचं खोकं, पिशवी.
"वरातीमागून घोडं," मी म्हटलं.
तो हसला नाही. त्याचा दोष नव्हता.
पत्ते बरोबर होते, तिकिटं बरोबर होती,
सगळं बरोबर असूनही चुकलं होतं.

एकोणतीस लिफाफे. मी पेट्यांत टाकले;
टाकणं एवढंच माझं काम.
लोक आले. कुणी शेकोटीला नेला,
ओलिंकाच्या पोरानं पाठकोऱ्या जागेत कावळा काढला.

अगाफिया मोझेस, वय एक्याऐंशी, पेटी क्रमांक बारा,
माझ्याच टेबलाशी बसली.
मासे चिरायच्या सुरीनं लिफाफा उघडला.
दोन्ही बाजू वाचल्या,
न्यायाधीशांची नावंसुद्धा, जी कुणी वाचत नाही.
मग एकेक गोल काळा करू लागली,
जाळ्याची गाठ मारावी तशी, ओढून बघत.

"अगाफिया, निवडणूक झाली."
"रेडिओ माझ्याकडेही आहे."
"मोजणार नाहीत हे."
"मोजणं त्यांच्याकडे."
बराच वेळ पेन तसंच धरून होती.
"माझ्या भावाला क्षयाच्या दवाखान्यात नेलं, सिएटलला.
मी सात वर्षांची. त्याचं पत्र आलं ते पुढच्या उन्हाळ्यात.
त्याला पुरून चार महिने झालेले.
आईनं पाद्रीबाबाला बसवून उत्तर लिहून घेतलं.
म्हणाली, आलेलं पत्र तसंच ठेवू नये.
विचारलंय त्यानं, की मासे कसे आलेत यंदा."

साक्षीदाराच्या रेघेवर मी सही केली.
शिक्का हातात घेतला.
चाक तीन दात मागं फिरवलं की मंगळवार होतो.
मंगळवारचा शिक्का असला
तर उशिरा पोचलेलं पाकीटही ते धरतात.
खोलीत आम्ही दोघी. बाहेर ट्रेंट,
उजेड आहे तोवर निघायचं म्हणून घाईत.
माझा अंगठा चाकावरच होता.

अगाफिया माझ्याकडे नाही, अंगठ्याकडे बघत होती.
"आजची घाल," म्हणाली. "आज लिहिलंय मी."

मी शिक्का मारला.
सहा नीट उमटला नाही. फुंकर घालून
पुन्हा मारला, दाबून.

मग पेटी क्रमांक एक उघडली. ती माझी.
सकाळपासून तिच्याकडे बघितलं नव्हतं.
दारात जाऊन ओरडले, ट्रेंट, दहा मिनिटं थांब.
अगाफियानं चष्मा पुसला, खुर्ची ओढून घेतली
आणि विचारलं,
सही नेमकी कुठे करायची साक्षीदारानं.